शेवटची आंघोळ

"काऊन भाऊजी, फौजी माणूस अन् कोंबड्याले भेता?" शेजारच्या जमुनाबाईनं कुंपणावरून विचारलं.

बाबांनी कोंबडा पायाखाली दाबून सुरी माझ्या हातात दिली होती. "भेत नाई. सुट्टीवर आहो," ते म्हणाले.

मी मान कापली. रक्त त्यांच्या बनियनवर उडालं. आई ओरडली, "आता हे कोन धुवते?" बनियन बाबांनीच धुतली. जेवून, सामान उचलून ते गोंदियाच्या बसमध्ये बसले.

पुढच्या महिन्यात आमच्या गावी, कामठ्याला, बाबांची शवपेटी आली. सोबत त्यांच्या तुकडीतला हिमाचलचा हवालदार होता, एका कानावर पट्टी बांधलेला. पेटी अंगणात ठेवली. बाहेर लोक 'रत्नपाल मेश्राम अमर रहे' ओरडत होते. आईनं पाणी तापवलं होतं.

"दीदी, मत खोलिए," हवालदार मला म्हणाला.

"बिना आंघोळीचा नाई जाऊ देत मी त्यायले," आई म्हणाली.

हवालदारानं मला बाजूला नेऊन सीमेवर काय झालं ते सांगितलं. पहिल्या तोफगोळ्यानं बंकरचं छत खाली आलं. बाबांनी दोघांना कॉलर धरून बाहेर ओढलं. तिसरा तुळईखाली अडकून किंचाळत होता, त्याचा पाय गुडघ्यापासून तुटला होता. बाबांनी आपला पट्टा त्याच्या मांडीला आवळला. दुसऱ्या गोळ्याची शीळ ऐकू आली, तेव्हा ते त्याच्या अंगावर आडवे झाले.

"वो ज़िंदा है, दीदी. साहब को हमने उठाया नहीं. बटोरा है."

मोठे काका, उदाराम, माझा दंड धरून म्हणाले, "नको पाहू वं पोरी. जलमभर तेच दिसन."

"खोला," मी म्हणाले.

हवालदारानं स्क्रू काढले. आईनं तांब्या माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

पांढऱ्या कापडातलं गाठोडं माणसाच्या आकाराचं नव्हतं. वर चेहरा असायला हवा तिथं नुसती पट्टी गुंडाळलेली होती. उजवा हात तेवढा कोपरापर्यंत शाबूत होता. नखांत काळी माती. बोटं घट्ट वळलेली, अजून कुणाला तरी ओढत असल्यासारखी.

मी पाणी ओतलं. नखं साफ केली. बोटं सरळ करू पाहिली, ती हलेनात.

आमच्या घरात माया, कौतुक बोलून दाखवायची पद्धत नव्हती. ते सुट्टीवर यायचे, आम्ही जेवायला वाढायचो, ते जायचे.

"बाबा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लय केलं तुमी. आता राहू द्या."