रेघ आणि टिंब

लंबू-टिंगू फुटल्याची बातमी मला साडूंनी दिली, तीही एका ग्राहकाच्या चष्म्याचा नंबर काढता काढता. पडद्याआडून आधी "चौथी ओळ वाचा" असं ऐकू आलं आणि मग त्याच सुरात, "ऐकलंत का साडूभाऊ, लंबूने टिंगूला सोडलं." ग्राहक बिचारा चौथी ओळ सोडून मागे वळून बघायला लागला. माझ्या हातातली काच तेव्हा घासायच्या चाकावर होती. तिचा टवका उडाला आणि ती वाया गेली.

लंबू-टिंगू आमच्या नात्यातले नव्हेत. ती टेनिसमधली दुहेरीची जोडी. खरी नावं लांबलचक आहेत आणि त्यांचा उच्चार आम्हाला अकरा वर्षांत जमलेला नाही. एक ताडमाड उंच, दुसरा त्याच्या खांद्याला लागेल न लागेल एवढा. एकेरीचे खेळाडू सगळ्या जगाला माहीत असतात. दुहेरीवाल्यांना त्यांच्या घरचे आणि आम्ही दोघे ओळखतो. त्यांचे सामने कडेच्या कोर्टवर होतात, तिथे कॅमेरा नसतो. टीव्हीवर त्या वेळी एकेरीचा कोणीतरी सराव करताना किंवा केळं खाताना दाखवतात. त्यामुळे आम्ही अकरा वर्षं मुख्यतः फोनवरचे आकडेच बघत आलो. पंधरा-तीस, तीस-तीस. बाकीचा सामना आमचा आम्ही रचतो. "इथे टिंगूने डोक्यावरून टाकला असणार." "छे, लंबूची सर्व्हिस, दुसरं काय."

आमचं दुकान चष्म्याचं, दोघांच्या मालकीचं. थोरली बहीण साडूंना दिलेली, धाकटी मला, आणि दोघींच्या वडिलांनी दुकान दोन्ही जावयांना. साडू नंबर काढतात, मी काचा घासून फ्रेमीत बसवतो. कामाची रीत आम्ही दुहेरीवरूनच उचलली. दुहेरीत दोघांच्या मधून चेंडू आला की एकाने ओरडायचं, "माझा." नाहीतर दोघंही एकमेकांकडे बघत राहतात आणि चेंडू मधून निघून जातो. आमच्याकडेही दार वाजलं की ज्याचं काम तो म्हणतो, "माझं." नवीन नंबर असेल तर साडू, तुटकी दांडी किंवा पडलेला स्क्रू असेल तर मी.

दुसरी रीत जरा खुळचट होती, पण आमची होती. समोरचा सर्व्हिस करायचा तेव्हा लंबू कायम कोर्टच्या उजव्या अर्ध्यात, टिंगू डाव्या. म्हणून ऑर्डरच्या पाकिटावर साडू उजवा-डावा असं लिहितच नसत. उभी रेघ म्हणजे लंबू, म्हणजे उजवा डोळा. टिंब म्हणजे टिंगू, म्हणजे डावा. पाकीट माझ्याकडे आलं की मी 'उजवा इतका, डावा इतका' असं मोठ्याने वाचायचो आणि साडू पडद्याआडून म्हणायचे, "बरोबर." अकरा वर्षांत एक चष्मा उलटा गेला नव्हता.

तर त्या दिवशी ग्राहक गेल्यावर मी म्हणालो, "अकरा वर्षांनी सोडतो म्हणजे काय? काही लाजलज्जा?"

"टिंगूचा गुडघा गेलाय," साडू म्हणाले. "एकाचा गुडघा गेला म्हणून दुसऱ्यानेही खाली बसायचं का?"

"बसायचं. जोडी कशाला म्हणतात मग?"

"माणसाला पुढे जावंसं वाटतं, साडूभाऊ. त्यात पाप नाही."

हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला चेव आला. मी म्हणालो, "एवढं वाटतं तर तुम्हीही जा की पुढे. कोणी धरलंय?"

साडू पडद्याआड गेले आणि स्वच्छ असलेल्या काचा पुन्हा पुसत बसले.

संध्याकाळी घरी पोचलो तर आमची ही इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही भाऊजींना जा म्हणालात?"

"टेनिसबद्दल चाललं होतं."

"त्यांना त्या नव्या मोठ्या चष्म्याच्या दुकानातून नोकरीचं बोलावणं आलंय. पांढरा कोट, आपोआप नंबर काढणारं यंत्र, रविवारची सुट्टी. ताईने आत्ताच फोनवर सांगितलं. दोन आठवडे झाले, पत्र खिशात घालून हिंडतायत. तुम्हाला कसं सांगावं हेच त्यांना सुचत नव्हतं. तुम्ही काम सोपं केलंत."

"उत्तर कधी द्यायचंय?"

"या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी."

मला राग आला, आणि त्या रागाच्या खाली भीती होती, हे मी आता कबूल करतो. काचा घासणारा माणूस कुठेही मिळेल. पण साडूंसारखा नंबर काढणारा मला मिळायचा नाही, आणि फोनवरच्या दोन आकड्यांतून अख्खा सामना उभा करणारा तर जगात दुसरा नाही. सरळ जाऊन म्हणायला हवं होतं की बाबा, राहा. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी अबोला धरला. साडूंनीही धरला.

पुढचे तीन आठवडे दुकानात फक्त यंत्रं बोलत होती. मी पाकीट मोठ्याने वाचायचं सोडलं, त्यांनी "बरोबर" म्हणायचं सोडलं. दार वाजलं की कोणीच "माझं" म्हणेना. एक गृहस्थ तुटकी फ्रेम घेऊन काउंटरसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं साडू उठतील, साडूंना वाटलं मी. शेवटी गृहस्थांनी फ्रेम खिशात ठेवली आणि ते निघून गेले. चेंडू मधून गेला.

तिकडे लंबूने नवा जोडीदार घेतला. कानामागून आला आणि तिखट झाला अशातला तो. त्याच्याबरोबर लंबू लागला जिंकायला. मी लंबूचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, आकडेसुद्धा नाही. माझं सगळं लक्ष टिंगूकडे. त्यालाही कोणीतरी उसना जोडीदार मिळाला होता आणि तो गुडघ्याला पट्टा बांधून वर्षातल्या एका मोठ्या स्पर्धेत फेरीमागून फेरी काढत होता. साडू काउंटरच्या त्या टोकाला लंबूचे आकडे बघायचे, मी या टोकाला टिंगूचे. घरी दोघी बहिणींनी आमच्यापुढे हात टेकले होते. "तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना," आमची ही म्हणायची, "आणि तेही दुसऱ्यांच्या भांडणावरून."

शेवटी व्हायचं तेच झालं. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन्ही जोड्या समोरासमोर आल्या. सामना रविवारी दुपारी, आणि सोमवारी साडूंचं उत्तर.

शनिवारी दुकान बंद करायच्या वेळेला गाडी शिकवणाऱ्या बाई आल्या. या बाई शिकाऊ माणसांच्या शेजारी वीस वर्षं बसलेल्या आहेत, त्यामुळे सहसा घाबरत नाहीत. त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"हा घातला की फूटपाथ माझ्या अंगावर येतो," त्या म्हणाल्या. "आज मी एका खांबाची माफी मागितली. सोमवारी सकाळी माझ्याकडे शिकणाऱ्या दोघींची परीक्षा आहे. हे कोणाचं काम?"

मी चष्मा काचेचा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. उजव्या डोळ्याची काच डाव्याला, डाव्याची उजव्याला. पाकीट काढलं. रेघेपुढे उणे साडेतीन, टिंबापुढे उणे दोन. मी अगदी त्याप्रमाणे केलं होतं. पाकीट मी साडूंच्या पुढे सरकवलं आणि मनात म्हटलं, आता बघू.

साडूंनी पाकीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. चूक कशी झाली ते मला मागाहून कळलं. नवा जोडीदार उजवीकडे खेळणारा, म्हणून लंबू आता डाव्या अर्ध्यात गेला होता. तीन आठवडे साडू मनातल्या मनात रोज त्याला डावीकडे खेळवत होते, आणि हात रेघ ओढताना डावा डोळा लिहून गेला. मी लंबूकडे पाठ फिरवलेली, मला हा बदल ठाऊकच नाही. ठाऊक असता तरी काय, मी मोठ्याने वाचलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं.

"माझं," साडू म्हणाले.

"माझं," मीही त्याच क्षणी म्हणालो. तीन आठवड्यांतला तो आमचा पहिला शब्द.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कोणाचंही असू द्या. उद्या संध्याकाळी न्यायला येते."

म्हणून रविवारी दुपारी बंद दुकानात आम्ही दोघेच. साडूंनी बाईंचा नंबर जुन्या नोंदीवरून पुन्हा तपासला, मी नव्या काचा चाकावर चढवल्या. मधे काउंटरवर साडूंचा फोन उभा केलेला. टीव्हीवर अर्थातच दुसरं काहीतरी चालू होतं.

"उजवा उणे दोन," मी भिंतीकडे बघून म्हणालो.

"बरोबर."

"डावा उणे साडेतीन."

"बरोबर."

एवढ्याने मला बरं वाटलं, ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. पहिला सेट लंबूच्या जोडीने घेतला. दुसरा टिंगूच्या. काचा बसल्या, चष्मा पुसून डबीत गेला, आता घरी जायला हरकत नव्हती. कोणीच उठलं नाही. तिसऱ्या सेटला सहा-सहा झाले आणि दहा गुणांचा टायब्रेक सुरू झाला, आधी दहा करेल तो जिंकणार.

"टिंगू नेटवर उभा असणार," साडू सवयीने बोलून गेले. "गुडघा दुखतो तेव्हा तो नेट सोडत नाही."

"लंबू तिकडेच मारणार, बघा. त्याला माहितीये तो गुडघा."

"नाही मारणार."

"कशावरून?"

"अकरा वर्षं शेजारी उभा होता तो, साडूभाऊ. नाही मारणार."

मी फोनकडे वाकलो. "सहा-आठ. गेला टिंगू."

साडूंनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आठ-आठ आहे."

"सहा दिसतंय."

"आठ आहे. चष्मा कधी बदलला होतात?"

मला आठवेना. दुकानात माणूस बारा महिने दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवतो, त्याच्या स्वतःच्या काचा निदान चार वर्षं जुन्या. दिव्याखाली अंधार तो हाच.

"चला, बसा खुर्चीत," साडू म्हणाले.

"सामना चालू आहे."

"सामना दिसतोय कुठे तुम्हाला?"

मी पडद्याआड जाऊन खुर्चीत बसलो. साडूंनी नंबर काढायची ती जड गोल फ्रेम माझ्या नाकावर ठेवली. अकरा वर्षांत माझा नंबर दुसऱ्या कोणी काढलेला नाही. त्यांच्या बोटांना काचा पुसायच्या कापडाचा वास येतो, आणि फ्रेम कानामागे बसवताना ते हलकेच विचारतात, टोचत नाही ना. उद्या हो म्हणाले की हे पांढऱ्या कोटात दुसऱ्या कोणाला विचारतील, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

त्यांनी एक डोळा झाकला. "शेवटची ओळ वाचा. पाठ असलेली म्हणू नका, दिसतंय तेवढंच सांगा."

तो तक्ता आम्हा दोघांना झोपेतही पाठ आहे. मी तक्त्याकडे बघत राहिलो. मग एकेक अक्षर सुटं करून वाचलं.

"जा. ऊ. न. का."

साडूंनी डब्यातून एक काच काढली, फ्रेमीत घातली. "आता?"

"तेच दिसतंय."

काच बदलली. "आणि आता?"

"जास्त स्पष्ट दिसतंय. साडूभाऊ, मी त्या दिवशी रागाने बोललो. तुम्ही गेलात तर मला दुकानात बसवणार नाही."

"हे तीन आठवड्यांपूर्वी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही तरी पत्र दाखवलं होतं का?"

"तुमचं डोकं बघून दाखवायचं की नाही ते ठरवावं लागतं," साडू म्हणाले. मग त्यांनी दुसरा डोळा झाकला. "आता खरी ओळ वाचा. नंबर काढायचाय."

मी खरी ओळ वाचली. सहापैकी तीन अक्षरं चुकली. साडू जीभ टाळ्याला लावून चुकचुकले आणि पाकीट घेऊन लिहायला बसले. बराच वेळ लिहीत होते, म्हणून मी वाकून पाहिलं. रेघ नव्हती, टिंबही नव्हतं. 'उजवा' आणि 'डावा' असं पूर्ण शब्दांत, शाळेतल्या पोरासारखं ठसठशीत लिहिलेलं.

"यापुढे हे असंच लिहायचं," ते म्हणाले. "लंबूचा भरवसा नाही, कधी कुठल्या बाजूला जाईल."

"यापुढे म्हणजे?"

"यापुढे म्हणजे यापुढे." त्यांनी खिशातून एक घडी घातलेलं पत्र काढलं, माझ्या चष्म्याच्या पाकिटात सरकवलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

बाहेर फोनवरचा सामना केव्हाच संपला होता. मी आकडे वाचायला डोळे बारीक केले तशी साडूंनी फोन उचलून घेतला. "दहा-आठ. लंबू." आणि फोन खाली ठेवत म्हणाले, "टिंगू वाईट खेळला नसणार."

"नाही मारला ना गुडघ्यावर?"

"नाही मारला."

दोघांनीही यातलं काही पाहिलं नव्हतं. तेवढ्यात दार वाजलं. गाडी शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या.

"माझं," मी म्हणालो आणि चष्म्याची डबी शोधायला लागलो. ती समोरच होती. साडूंनी उचलून माझ्या हातात दिली.