कोबीच्या पिंपातला तिसरा दगड

चाळीस सेकंद.

पाहुण्यांच्या सपाता, दाराशी, सहा जोड. त्यातला एक नुकताच धुतलेला.

खारवलेल्या कोबीचं पिंप. कोबी वर तरंगू नये म्हणून त्यावर नदीतले तीन दगड.

ताटली रिकामी दिसणं ही घराची बेअब्रू, असं माझ्या सासूबाई देसांका म्हणतात.

हे सगळं एकाच मांजरीबद्दल आहे.

ती झुचा. पिवळी, चार किलो. चाळीस सेकंदांत ताटली साफ करते, खोली ओलांडते आणि खाल्लेलं जसंच्या तसं एखाद्या सपातेत ठेवून येते. सपाता पाहुण्यांच्याच लागतात.

एकोणीस डिसेंबरला आमच्या घराच्या संताचा दिवस. पाद्री येणार, पाहुणे येणार, सगळे दाराशी बूट काढून सपाता घालणार. माझा नवरा रादोश म्हणाला, तोवर हे थांबलं नाही तर झुचा गावी, मिलुतिनमामाच्या गोठ्यात. तिथे उंदीर आहेत, मजेत राहील. तिथे तीन कुत्रेही आहेत, हे मी त्याला सांगितलं. झुचा माझ्या पायांवर झोपते, हे सांगितलं नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं, रक्त तपासलं. आजार काही नाही. ही खात नाही, नुसती गिळते, म्हणाले. थोडं थोडं द्या, चार वेळा.

मी चार वेळा चमचा चमचा देऊ लागले.

ओकणं वाढलं.

एका गुरुवारी कामावरून लवकर आले. सासूबाई झुचाच्या ताटलीपाशी वाकलेल्या, हातात मांजरीच्या कोरड्या खाण्याच्या दाण्यांचा डबा.

"आई, किती वेळा वाढलंत?"

"वाढलं कुठे? रिकामं दिसलं, भरलं."

"डॉक्टर थोडंच द्या म्हणालेत."

"ते आपल्याकडे जेवायला आले असते, तर असं म्हणाले नसते."

ते खरं होतं. आमच्या टेबलावर ताटली पुसून खाल्ली की ती पुन्हा भरते. ज्याला पुरे असेल तो दोन घास ठेवतो. सगळ्या पाहुण्यांना हे ठाऊक आहे. झुचाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी बाल्कनीत गेले. पिंपातला सगळ्यांत लहान दगड काढला, तरी तो माझ्या दोन मुठींएवढा होता. धुतला, ताटलीच्या मधोमध ठेवला, भोवती दाणे पसरले.

झुचा दगडाभोवती फिरली. पंज्याने एक दाणा ओढला. मग दुसरा. दगडाला शिव्या दिल्यासारखं काहीतरी पुटपुटली. सात मिनिटं.

सासूबाई डबा घेऊन आल्या, डोकावल्या. ताटलीत काहीतरी होतं. डबा घेऊन परत गेल्या.

त्या संध्याकाळी सगळ्या सपाता कोरड्या. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पिंप उघडलं. दगड दोनच का, विचारलं. मी ताटलीकडे बोट दाखवलं. त्यांनी पिंपाचं झाकण लावलं.

"कोबीला दोन पुरतात," म्हणाल्या.

एकोणीस तारखेला सहाही जोड पाहुण्यांच्या पायांत होते. झुचा जेवली आणि माझ्या खुर्चीखाली जाऊन बसली. मिलुतिनमामा ताटलीपाशी थबकले.

"ताई, मांजरीला दगड घालतेस खायला?"

"पोट भरलंय तिचं," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून ठेवलाय. तिला रीत कळते. तू तुझी ताटली आण."

मामांची ताटली पुसलेली होती. ती भरली गेली.

गोठ्याचं नाव रादोशनं पुन्हा काढलं नाही. मार्चमध्ये एवढ्याशा झुचाला बस थांब्यावरून कोटाच्या खिशात घालून घरी आणलं होतं ते त्यानंच.