तिसरा डबा

बस रं बद्रीनाथ, हितं जिन्यावर. तू नवा हाईस, तुला एका डब्याची गोष्ट सांगतो. मधी हसायचं नाय.

वीस वर्सं ह्या हापिसात विहिरींचे नकाशे मीच सांभाळले. सायबाची चिठ्ठी दावा, नकाशा घ्या. कुठं ठेवलाय ते खंडेरावला ठावं, दुसऱ्यानं इचारायचं कामच नाय. दुष्काळात टँकर कुठं भरायचा, तर आधी माझ्या खोलीपुढं गर्दी.

मग वरच्या मजल्यावर मशीन आलं, माझे समदे नकाशे त्यात गेले. अन् तिथं बसवलं कुणाला? अंगदला! माझ्याच गावचा, माझ्यासंगं मेंढरं वळलेला. थंडगार खोली, वरच्या सायबीण दिपाली मॅडम सोता चहा देणार. अन् शहर वाढून वाढून माझ्या पुंडलिकनगरच्या नळाला आठव्या दिवशी पाणी. लई जळायचो मी.

एक दिवस इचारलंच, "काय रं करतं तुझं मशीन?"

"खंडूदादा, आधीच्या मशीनला सांगावं लागायचं, ह्या ओळीत ठेव, त्या कप्प्यात ठेव. ह्यातला डबा, म्हंजे माहिती साठवायची डिस्क, जागा आपली आपण ठरवतो. मॅडमचा सर्व्हर, म्हंजे मोठा कॉम्प्युटर, फकस्त कुठला डबा ते दावतो अन् चिठ्ठी देतो. खूण सांगा, चिठ्ठी दावा, डबा जिन्नस काढून देतो. मेंढक्याला कुणी इचारतं का, वाड्यात कोकरू कुठं बसवलंस?"

अरं, हे तर माझंच काम! ते डब्याला दिलं व्हय?

फर्दापूरच्या विहिरींचे नकाशे तिसऱ्या डब्यात, हे मॅडमच्याच तोंडून ऐकलेलं. अंगद जेवायला गेला अन् मी तो डबा ओढून काढला. म्हटलं, आता येतील झक मारत खाली, कागद मागायला.

कोण येतंय! लाल दिवा तेवढा लागला. फर्दापूर मागितलं तर लगेच पडद्यावर हजर. त्याच्या नकला आणखी दोन डब्यांत व्हत्या म्हणं.

अंगद पळत आला. डब्याच्या मुठीवर माझ्या बोटाचा चुना. त्यो तर तंबाखूला शिवत नाय. त्यानं चुना बघितला, दारात उभ्या मला बघितलं. गमज्यानं मूठ पुसली अन् मागून आलेल्या मॅडमला म्हणला, "माझाच हात लागला."

नोकरीवरनं काढला त्याला. आता पैठणला बहिणीच्या शेतावर राबतोय. अन् खरं सांगू? माझ्या हातून तसं पुसणं झालं नसतं. त्याचाबी हेवाच वाटतोय मला.

मॅडम वर आल्यात बघ. एकटा गेलो तर खरं सांगायला माझं तोंड उघडायचं नाय. तू चल संगं. मी मधीच अडकलो, तर पुढचं तू सांग.