नॉर्मल रिपोर्टांची फाईल

मी एक जुनी प्लास्टिकची फाईल आहे, मित्रांनो. एके काळी निळी होते, आता कोणता रंग म्हणावा ते मलाही सांगता येत नाही. बसा जरा. मी सावकाश सांगणार, कारण मी खरंच थकले आहे.

कारखान्यात एका दिवसात माझ्यासारख्या शेकडो बहिणी जन्मल्या. गरम साच्याने आमच्या कडा दाबल्या, आत पारदर्शक कप्पे लावले, की झालो तयार. दुकानात मला फार दिवस थांबावं लागलं नाही. एका आईने मला लेकीच्या प्रमाणपत्रांसाठी घेतलं. काय थाट होता तेव्हा माझा! शाळेचे निकाल, चित्रकलेचं बक्षीस, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कोर्सचं सर्टिफिकेट. पाहुणे आले की आई मला बाहेर काढायची आणि मुलगी लाजून आत पळायची. त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं.

मग मुलीला कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये नोकरी लागली. प्लास्टरच्या जबड्यावर मेण चढवायचं आणि त्यात एकेक दात बसवायचा, असं तिचं काम. दात जरासा वाकडा बसला तरी बिचाऱ्या माणसाला नीट जेवता येत नाही. तेवीस वर्षांची पोर, पण हात भारी सफाईदार. आणि कशी कोण जाणे, तिची झोप उडाली. अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधडायचं, उद्या आपल्या हातून काहीतरी चुकणार असं वाटत राहायचं आणि डोळ्याला डोळा लागायचा नाही. दिवसा हात थरथरायचे. मग खरोखरच चुका व्हायला लागल्या.

आईने प्रमाणपत्रं कपाटात ठेवली आणि मला काखोटीला मारून ती लेकीसोबत डॉक्टरांकडे निघाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून दिली. ते दिवस संपले तरी औषधाच्या दुकानातून पट्टी येतच राहिली. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. पोट नॉर्मल. कान तेवढे राहिले होते, तेही तपासून झाले. "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नकोस," असं जो तो सांगे. आता टेन्शन काय ती दुकानातून घेऊन येत होती? मावशीने तर स्वतःच्या गोळ्यांमधली एक पट्टीच दिली. "अर्धी घे, मेल्यासारखी झोपशील," म्हणाली. तीही माझ्याच पोटात आली.

मित्रांनो, पुढचं सांगताना मला अजून वाईट वाटतं. नव्या डॉक्टरांकडे जायच्या आधी आई मला मांडीवर घेऊन साफ करायची. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पट्ट्या काढून माझ्या मागच्या बाजूला घातलेल्या पुठ्ठ्याआड सारायची. "एकाचं दुसऱ्याला दिसलं तर राग येतो त्यांना," ती म्हणायची. "मग नीट बघत नाहीत." तिच्या मनात पाप नव्हतं हो. पण त्यामुळे प्रत्येक डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करायचा. ईसीजी तीनदा निघाला. पोटात सगळं असून वर रिकामे कप्पे दाखवत फिरायचं, याचा मला इतका शीण आला म्हणून सांगू. मुलीने तर पुढे काय करायचं हे विचारणंही सोडून दिलं.

लॅबमध्ये तिने बनवलेली एक कवळी आधीच परत आली होती; दुसरीही परत आली, तेव्हा मालक म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर हे काम दुसऱ्या कोणालातरी द्यावं लागेल."

मी तिच्या पिशवीतच होते. तिथले सगळ्यात जुने कारागीर, ज्यांना सगळे बत्तीशीकाका म्हणतात, ते तिच्याजवळ स्टूल ओढून बसले.

"पोरी, तुझ्या वयात माझाही हात असाच थरथरायचा," ते म्हणाले. "मी मनाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो."

"म्हणजे वेड लागलं होतं तुम्हाला?"

"छे गं. झोप लागत नव्हती."

घरी हे कळल्यावर आईचं धाबं दणाणलं. "लोकांना समजलं तर काय म्हणतील?" ती म्हणाली.

"आई, मी दमले गं," मुलगी म्हणाली. "लोकांचा विचार करायलाही त्राण नाही उरलं."

आई शेवटी जायला तयार झाली. सकाळी मात्र तिने मला नेहमीसारखं साफ केलं.

मनाच्या डॉक्टर म्हणजे एक साध्याशा बाई होत्या. त्यांनी मुलीचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोंड घातलं नाही. मग विचारलं, "सध्या कुठली औषधं चालू आहेत?"

"काहीच नाहीत," आई पटकन म्हणाली.

माझा जीव टांगणीला लागला. मुलीने आईकडे पाहिलं, मला जवळ ओढलं, पुठ्ठा वर केला आणि सगळा गठ्ठा टेबलावर ठेवला. आईने मान खाली घातली.

डॉक्टरांनी एकेक कागद वाचला. दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. "नावं वेगळी आहेत, औषध एकच आहे. कधी दोन्ही घ्यायची, कधी एकही नाही, असं होत होतं ना?"

मुलीने मान डोलावली. "आजपासून बंद करू?"

"एकदम नाही. त्याने त्रास होईल. मी सांगते तशा गोळ्या हळूहळू कमी करू." मग त्यांनी पुढचे मार्ग समजावले. दर आठवड्याला समुपदेशकांशी बोलून झोपेच्या सवयी आणि मनातली भीती यांवर काम करायचं. सकाळी उठायची वेळ ठरलेली ठेवायची. गरज पडली तर चिंतेसाठी वेगळं औषध घ्यायचं. "आधी कशापासून सुरुवात करायची? तुला काय वाटतं?"

तुला काय वाटतं, असं आजवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. मुलीला रडू फुटलं. डॉक्टर आईकडे वळल्या. "तुम्ही एकही कागद टाकला नाहीत, म्हणून मला हे कळलं," त्या म्हणाल्या.

चमत्कार झाला असं समजू नका. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. तिने मालकांना सगळं खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिला काही दिवस नुसतं प्लास्टर ओतायचं काम दिलं. झोप कधी चार तास, कधी पाच. दोन महिन्यांनी तिने पुन्हा मेणात दात बसवायला घेतले. ती कवळी परत आली नाही.

पुढच्या एका भेटीत डॉक्टरांनी सहज विचारलं, "आणि आई, तुमची झोप कशी आहे?"

"माझं काय घेऊन बसलात," आई हसून म्हणाली. "मला कुठे झोप लागते."

"किती दिवसांपासून?"

आई बोटाने माझी कड चाचपत राहिली, डॉक्टर थांबल्या. "ही बालवाडीत होती तेव्हापासून."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. एवढ्या वर्षांत हे तिनेही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी माझ्यात आईच्या नावाचा पहिला कागद आला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, माझं वय झालं. पण घरात कोणी बोलता बोलता म्हणालं की मला झोप लागत नाही, तर टेन्शन घेऊ नकोस म्हणून उठून जाऊ नका. किती दिवसांपासून, एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसून राहा.