फौजी बाटलीतलं पाणी

मी बाटली बोलते आहे. काचेची नव्हे, खाकी कापडाचं कव्हर घातलेली जुनी फौजी बाटली. कव्हराचा रंग उडाला. झाकणाची साखळी तुटली, तिथं आता सुतळी आहे. ती व्यंकटरावांनी बांधली.

सतरा वर्षं मी त्यांच्या कमरेला होते. बर्फात माझ्यातलं पाणी गोठायला लागलं की ते मला सदऱ्याच्या आत पोटाशी धरायचे. पेन्शनीवर आले तेव्हा मलाही मुखेडजवळच्या गावी आणलं आणि खुंटीला टांगलं. माणूस घरी आला की त्याच्या सामानाला फारसं काम उरत नाही.

पुढं मला खुंटीवरून काढलं ते त्यांच्या नातीनं, तनुजानं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. रोज सकाळी मला खांद्याला अडकवून ती पांदीच्या वाटेनं पळायची आणि व्यंकटराव, तिचे आबा, बांधावरून सांगायचे, "तोंड मिटून पळ. नाकानं दम घे." आपल्यामागं फौजेत हीच जाणार, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

यंदा फेब्रुवारीत शाळेची सहल लातूरकडच्या एका सैनिकी अकॅडमीत गेली. तिथं मुलींनाही घेतात, पण फक्त सहावीला. तनुजा रात्रीच दप्तर भरून बसली होती. मला तिनं तीनदा विसळलं.

मैदानावर निवृत्त सुभेदार संगप्पा होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी पोरांना दोरीवर चढायला लावलं. वर्गातला सत्यम मध्येच लोंबकळत राहिला, तेव्हा त्याच वर्गातली पुनम खालून म्हणाली, "सत्या, वाळत घातलेल्या सदऱ्यावानी दिसायलास." उस्तादही हसले.

मग पळायची पाळी आली. तनुजानं मला उस्तादांच्या हातात दिलं. त्यांनी मला उलटं केलं, बुडावर कोरलेला नंबर वाचला आणि विचारलं, कुणाची? आबाची, ती म्हणाली. ते जरा ताठ उभे राहिले. पळून होईपर्यंत त्यांनी मला खाली ठेवलं नाही.

चार फेऱ्यांत तिनं पोरांनाही अर्धी फेरी मागं टाकलं. उस्ताद वर्गाच्या गुरुजींना, शेषेरावांना म्हणाले, "गुरुजी, ही पोरगी आमाला द्या. आजच फॉर्म भरा."

गुरुजींनी खुशीनं यादी काढली. नावावरून सरकत गेलेलं बोट जन्मतारखेवर थांबलं. बारा वर्षांच्या आतलं लेकरू लागतं. यादीत हिला बारा होऊन सात महिने झाले होते.

"मी धा वर्साची हाय, गुरुजी."

"कागद तसं म्हणत न्हाई, बाई."

परतताना ती मला मांडीवर घेऊन बसली. गाव येईपर्यंत माझ्यातला एक घोटही तिनं घेतला नाही.

घरी तिनं सगळं सांगितलं. आबांची नजर कोपऱ्यातल्या पेटीकडं गेली. का, ते मला ठाऊक होतं. मी त्याच घरात, त्याच खुंटीवर होते.

या तनुजाच्या आधी एक तनुजा होती. आठ महिन्यांची असताना तापानं गेली. शेताच्या बांधाला तिला पुरलं. तिचं जाणं कुणी लिहून घेतलं नाही. दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली; बाळंतपण घरातच झालं, नोंद झाली नाही. तिच्याही कानामागं तसाच तीळ. सगळे म्हणाले, तीच परत आली. आबांनी नावही तेच ठेवलं. शाळेत जन्माचा दाखला मागितला तेव्हा त्यांनी पेटीतला पहिलीचा जुना काढला. साखराबाई, म्हणजे आजी, जरा थबकल्या. आबा म्हणाले, "लेकरू तेच हाय. दुसरा दाखला कशाला?" ते खोटं बोलले नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

सहलीनंतर दाखला बदलायला मला घेऊन ते ग्रामसेवकाकडं गेले, तहसीलला गेले. सगळीकडं तेच विचारलं. पहिलीच्या मृत्यूची नोंद कुठाय? नाही. दुसरीच्या जन्माची? तीही नाही. कोर्टातून होईल, वर्ष जाईल, असं सांगितलं. एक कारकून वाईट वाटून म्हणाला, "आजोबा, कागदावर तुमाला एकच नात हाय. ती बारा वर्सांची."

फॉर्मची तारीख गेली. पुढच्या वर्षी फॉर्म निघतील तेव्हा ती सातवीला जाणारी असेल, आणि तिथं घेतात ते सहावीलाच.

त्या दिवशी तिनं मला परत खुंटीला टांगलं आणि विचारलं, "आबा, मग मी कोन हाय?"

तेव्हापासून ती पळत नाही.

आता रोज आबाच मला भरतात आणि बांधावर नेतात. तिथं पहिलीच्या जागेवर एक दगड आहे. त्यापाशी बसून अर्धं पाणी ओततात. एकदा म्हणाले, "बाई, तुझा कागद तुझ्यापाशीच राहू द्याया पायजे होता म्या." काळ्या मातीनं पाणी लगेच ओढून घेतलं.

मी जुनी वस्तू, माझं कोण ऐकणार? तरी सांगते. लेकरू गेलं तर रडून घ्या, पण मग त्याचं जाणं लिहूनही ठेवा. मागून येणाऱ्याला त्याचा स्वतःचा जन्माचा दिवस लागतो.

अर्धी रिकामी होऊन मी घरी येते. उरलेलं पाणी आबा तनुजापुढं ठेवतात.

ती पीत नाही.