समुद्राकडे पाठ

अशोक कूलरच्या जाळीतलं गेल्या वर्षीचं गवत उपसत होता, तेव्हा फोन वाजला. एप्रिल लागला होता आणि फरीदाबादच्या त्या वरच्या मजल्यावर भिंती तापायला लागल्या होत्या. त्याने बोटं पायजम्याला पुसली आणि फोन कानाला लावला. पलीकडे भाऊसाहेब होते, त्याच्या बायकोच्या, अलकनंदाच्या ऑफिसमधले.

"अशोकराव, अलकनंदा गेली."

"कुठे?" अशोकने विचारलं.

मग भाऊसाहेब म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीतच. दवाखान्यात आणलं, पण उपयोग झाला नाही. तुम्ही या. घाई करू नका. या."

अशोकने नळ बंद केला, गवत तसंच गॅलरीत टाकून दिलं आणि कुलूप लावलं. मेट्रोत त्याला बसायला जागा मिळाली. बायको गेली हे अजून डोक्यात शिरलं नव्हतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. भाऊसाहेब घरी आले की 'वहिनी' म्हणायचे. ऑफिसात तिला सगळे 'मॅडम' म्हणत. आज ते नुसतं 'अलकनंदा' म्हणाले होते. अशा वेळी असलं काही मनात यावं याची त्याला लाज वाटली. पण ते मनातून गेलं नाही.

तेराव्याला ऑफिसातल्या बायका आल्या. अरुणा नावाची एक मैत्रीण रेवतीजवळ बसून बोलत होती. रेवती म्हणजे अशोकची मुलगी. ती गुडगावला एका कंपनीत होती.

"जानेवारीत आम्ही ऑफिसच्या एलटीसीवर अंदमानला गेलो ना, तेव्हा आई काय खूश होती तुझी! आम्ही आपल्या दुकानं बघत हिंडतोय आणि ही आपली पाण्यात, रोज ओल्या केसांनी परत यायची. शेवटी भाऊसाहेब थांबायचे तिच्याबरोबर."

"आई? पाण्यात?" रेवती म्हणाली. "काहीतरीच काय, मावशी."

अशोक पानांची रास उचलत होता, तो तिथेच थांबला. अलकनंदा कोकणातली, पण हरिद्वारला सुद्धा ती घाटावरच्या साखळीच्या अलीकडे पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घ्यायची. "कोकणातली म्हणे, आणि पाण्याला भिते," असं तो आयुष्यभर चारचौघांत म्हणत आला होता. ती हसायची. अंदमानला तिने त्यालाही चला म्हटलं होतं. पण संक्रांतीला मराठी मंडळाची बस पानिपतला, लढाईच्या जागी काला अंबला जाते. ती बस त्याने कधी चुकवली नव्हती. अलकनंदा परत आली तेव्हा उन्हाने काळवंडली होती. "समुद्र छान होता. तुम्ही यायला हवं होतं," एवढंच म्हणाली होती.

त्यानंतर त्याला सगळंच वेगळं दिसायला लागलं. भाऊसाहेबांनी लग्न का केलं नव्हतं? ती वर्षानुवर्षं डब्यात दोन पोळ्या जास्त का न्यायची? भाऊसाहेब निवृत्त झाल्यावर रविवारी चहाला येऊ लागले, तेव्हा ते कोणत्या खुर्चीवर बसतात, भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बघतात की बघायचं टाळतात, हे अशोक पाहू लागला. ते टाळत होते.

दिवाळी झाली आणि एका रविवारी त्याने विचारलं, "भाऊसाहेब, अंदमानला येता का?"

भाऊसाहेबांनी बशी खाली ठेवली. "मी?"

"ती जिथे बसायची ती जागा दाखवा मला. तुम्हालाच माहीत आहे."

"मी मागे बघितलंय सगळं. तुम्ही रेवतीला घेऊन जा."

"तिला सुट्टी नाही. का, काही अडचण आहे?"

"अडचण कसली," भाऊसाहेब म्हणाले. पण त्यांनी राहिलेला चहा घेतला नाही.

रेवतीला मात्र बेत आवडला. "बिल्कुल जा, बाबा. भाऊकाका असले की मला टेन्शन नाही. दोघं मिळून नारळपाणी प्या, फोटो पाठवा. तिकिटं मी काढते."

विमानात भाऊसाहेबांनी त्याला खिडकी दिली. जहाजात अशोकला मळमळलं तेव्हा त्यांनी खिशातून आवळासुपारी काढून पुढे केली. अलकनंदाही प्रवासात आवळासुपारीच बाळगायची. अशोकने ती घेतली आणि विचारलं, "ही सवय कुणाची, तिची की तुमची?"

"ऑफिसात सगळेच खायचे," भाऊसाहेब म्हणाले.

बेटावरचा तो बीच म्हणजे एक सरकारी उद्यानच होतं. फाटक, पाट्या, लाकडी ओंडक्यांची बाकं, गवती छपरांच्या टपऱ्या. वाळूच्या कडेपर्यंत झाडी आली होती. इतकी उंच झाडं अशोकने कुठे पाहिली नव्हती. मान मागे टाकूनही शेंडा दिसत नव्हता. पहारेकरी म्हणाला, "समंदरी महुआ है, अंकल." झाडांखाली सावली एवढी दाट होती की पुढचं पाणी डोळ्यांना टोचत होतं. पांढरी वाळू, मग हिरवट पाणी, मग निळं. पोहणाऱ्यांसाठी जाळं लावून जागा आखली होती आणि मगरींपासून सावध राहा अशी पाटी होती. पायाशी शंख चालत होते. प्रत्येकात एकेक खेकडा. अशोकचं पाऊल पडलं की सगळे एकदम थांबत आणि मग पुन्हा निघत.

"कुठे बसायचात?" त्याने विचारलं.

भाऊसाहेब न शोधता चालत गेले. एका मोठ्या बुंध्याशी ओंडक्याचं बाक होतं. तिथे ते बसले. पण समुद्राकडे पाठ करून. समोर त्यांना फाटक, पाट्या आणि टपऱ्या दिसत होत्या.

अशोक थोडा वेळ उभाच राहिला. एवढ्या लांबून लोक ज्यासाठी येतात त्याच्याकडे हा माणूस बघायला तयार नव्हता. ज्याच्या मनात काही आहे तोच असा पाठ फिरवतो, असं त्याला वाटलं. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून बसला.

"इथून ती उतरायची?"

"हं."

"तिला पाण्याची भीती होती."

भाऊसाहेबांनी पायाशी आलेल्या शंखाला वाट द्यायला पाय बाजूला घेतला.

"मग उतरली कशी?"

"मी पाहिलं नाही."

"अरुणाबाई म्हणाल्या, तुम्ही इथेच असायचात."

"होतो की. रोज."

"इथे होतात, आणि पाहिलं नाही?"

"नाही."

"वा," अशोक म्हणाला. "सरकारी नोकरीत हे बरं शिकवतात."

भाऊसाहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण ते हसले नाहीत. टपरीवाल्या बाईने शहाळी आणून दिली. दोघांनी ती पाठीला पाठ लावल्यासारखं बसून प्यायली. पाण्यात एक नवं जोडपं ओरडत होतं. नवरा बायकोचे दोन्ही हात धरून तिला लाटेत मागे मागे ओढत होता आणि ती "छोडना मत, छोडना मत" म्हणत होती. अशोकला त्या दोघांच्या जागी दुसरी दोन माणसं दिसली. त्याने शहाळं वाळूत ठेवलं आणि बूट काढले.

"उठा, भाऊसाहेब. पाण्यात जाऊ."

"मला नको."

"का? मागच्या खेपेला चाललं."

"मी मागच्या खेपेलाही गेलो नाही."

"तिचा हात कुणी धरला मग?" अशोकचा आवाज चढला. टपरीवाली वळून बघू लागली. "जिने कधी घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही, ती एकटी उतरली? माझ्या तोंडाकडे बघून सांगा एकदा. मला फोन केलात तेव्हा तुम्हाला 'वहिनी' म्हणावंसं वाटलं नाही. माझ्या लक्षात आहे ते."

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून टपऱ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अशोकराव, तुम्ही काशीला गेला होतात ना, लग्नानंतर? काय सोडलंत तिथे?"

"त्याचा काय संबंध?"

"सांगा तर."

"कारलं," अशोक म्हणाला. काशीत आवडीचं सोडायचं असतं, पण त्याने सगळे सोडतात तसं, आधीच नावडतं होतं तेच सोडलं होतं. या गोष्टीवर घरी किती वेळा हसू झालं होतं.

"आणि वहिनींनी?"

"काही नाही. सगळं खायची ती. मी चिडवायचोही, की गुरुजींना फसवलंस म्हणून."

"त्यांनी पोहणं सोडलं होतं."

अशोक बूट हातात धरून उभा होता.

"खाडीकाठच्या ना त्या. लहान असताना भरतीत सुद्धा खाडी आरपार जायच्या म्हणे. तुमची कावीळ वाढली तेव्हा नवस बोलल्या. तुम्ही उठलात. मग काशीला सगळ्यांत आवडीचं सोडलं. गळ्याएवढ्या पाण्यात पुन्हा उतरायचं नाही."

"मला कधी बोलली नाही."

"सोडलेलं बोलून दाखवायचं नसतं."

"तुम्हाला बरं बोलली."

"मला विचारलं. आमचं भटजींचं घर ना, ऑफिसात सगळेच विचारायचे. मुहूर्त, सुतक, काय चालतं, काय नाही. इथे आलो त्या दिवशी त्या पाण्याच्या कडेला नुसत्या उभ्या होत्या. चपला हातात. मग इथे येऊन म्हणाल्या, भाऊसाहेब, काशीत सोडलेलं परत धरता येतं का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणायला हवं होतं. शास्त्र तेच आहे." भाऊसाहेबांनी केवड्याचं एक वाळकं पान उचललं आणि ते काट्यांच्या कडेने चिरत राहिले. "मी म्हणालो, कुणी पाहिलं नाही तर ते धरल्यात जमा नाही. हे कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या मनाचं सांगितलं. त्यांचा चेहरा बघून सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुम्ही तिकडे तोंड करून बसा, आणि आपल्यातलं कुणी आलं तर बोलण्यात गुंतवा. मी बसलो. रोज बसलो. एकदाही वळलो नाही."

एक पक्षी वर झाडीत ओरडला. जोडपं पाण्यातून बाहेर येऊन एकमेकांचे फोटो काढत होतं. अशोक बाकावर परत बसला. या खेपेला त्याला बूट कुठे ठेवावेत ते सुचेना.

"एप्रिलात त्या गेल्या," भाऊसाहेब म्हणाले. "नवस तुमच्यासाठी होता. तुम्ही धडधाकट आहात. मग मोडल्याचं जे काही यायचं ते त्यांच्यावरच..." त्यांनी वाक्य सोडलं. "त्या दिवशी फोन करताना काय म्हणालो ते मला आठवत नाही. हे एवढंच डोक्यात होतं. मी नाही म्हणालो असतो तर, अशोकराव?"

आल्यापासून पहिल्यांदा ते अशोककडे तोंड करून बसले होते. त्यांचे डोळे म्हाताऱ्या माणसासारखे ओले होते. त्यांना काय ऐकायचं आहे ते अशोकला स्वच्छ कळलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला आणि रेवतीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हृदयाच्या नळ्या कित्येक वर्षांपासून चोंदत आलेल्या होत्या. आश्चर्य याचंच की त्या इतकी वर्षं चालल्या. भाऊसाहेब तेव्हा बाहेर कागदांवर सह्या करत होते.

अशोकने विचारलं, "लांब जायची का ती?"

"मी पाहिलं नाही."

"आवाज यायचा?"

भाऊसाहेबांनी आठवून पाहिलं. "पाण्याचा यायचा. त्यांचा नाही."

पहारेकऱ्याने शिट्टी वाजवून पाण्यातल्या लोकांना बाहेर बोलावलं. एकेक करून सगळे आले. जाळ्याच्या आतलं पाणी मोकळं झालं आणि अशोक त्याच्याकडे बघत राहिला. त्या पाण्यातली अलकनंदा त्याला डोळ्यांसमोर आणता येईना. हात कसे टाकत असेल, डोकं वर ठेवत असेल की आत, केस बांधत असेल का. त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

"चला," तो म्हणाला. "बस चुकेल."

परतताना जहाजात भाऊसाहेब दोनदा त्याच्याकडे वळले आणि दोन्ही वेळा हवेबद्दल बोलले. दिल्लीच्या विमानतळावर त्यांनी अशोकची बॅग पट्ट्यावरून उचलून दिली. "पोचल्यावर फोन करा," असं दोघांनीही एकमेकांना सांगितलं.

आता थंडी पडली आहे. भाऊसाहेब रविवारी येतात, चहा घेतात आणि फोटोखालच्या खुर्चीवर बसतात. निघताना दारात जरा रेंगाळतात. अशोक त्यांना जिन्यापर्यंत सोडायला जातो, गुडघ्यांची चौकशी करतो, सावकाश उतरा म्हणतो. डॉक्टर काय म्हणाले होते ते त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.