आत घेतलेला निळा ड्रेस

ब्लेडचं टोक टिपेखाली सरकवून टेलरमास्तरांनी शेवटचा टाका तोडला. लेकीचा निळा ड्रेस कडेने उघडला. शिवणीत दडलेली अरुंद पट्टी गडद होती, ऊन न पाहिलेली.

हा ड्रेस त्यांनीच वर्षभरात चार वेळा आत घेतला होता. ती मुकाट उभी राही, ते टाचण्या लावत. एकदा गिऱ्हाईक म्हणालं, पोरगी अशीच वाळत राहिली तर मास्तर उरल्या कापडात रुमाल शिवतील. मास्तरही हसले होते. बरगड्यांवरून फिरणाऱ्या त्यांच्या बोटांना मापाखेरीज काही कळलं नव्हतं. चौथ्या खेपेला, आतलं कापड फुगतं म्हणून ती कुरकुरली, तेव्हा त्यांनी ते कापूनच टाकलं.

खाणंच सोडल्यामुळे गेले तीन महिने ती इस्पितळात होती. वजनाच्या काट्यावर तिला आकड्याकडे पाठ करून उभं करत. वजन सांगत नसत. पण ते वाढत होतं, आणि तिला वाटे, आपल्या हाडांवर कुणी परकं बिऱ्हाड थाटतंय. या रविवारी जेवण पूर्ण संपवलं, तर दिवसभर घरी सोडणार होते. नवे, सैल कपडे आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने निळाच मागितला. मास्तरांना तेव्हाही नाही म्हणवलं नाही.

रविवारी ती ड्रेस घेऊन पडद्याआड गेली. थोड्या वेळाने सिस्टरचा आवाज आला, "ओढू नकोस गं, फाटेल."

ती इस्पितळाच्या झग्यातच बाहेर आली.

"जादा कापड मी कापायला नको होतं," मास्तर म्हणाले.

"मीच सांगितलं होतं, बाबा."

ताट आलं. तिने आज तोंड मिटलं, तर पुन्हा नाकात नळी, हे तिघांनाही ठाऊक होतं. सिस्टर घड्याळ पाहत समोर बसली. एकेक घास ती जणू दुसऱ्या कुणाच्या वतीने गिळत होती. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. अर्ध्यावर चमचा थांबला. सिस्टरने थोडी वाट पाहिली, मग कागदावर काहीतरी लिहिलं. घरी जाणं राहिलं.

मास्तर उठले, तेव्हा तिने ड्रेस त्यांच्याकडे सरकवला.

"अजून सैल करा. पुढच्या रविवारी हाच घालून येईन."

"करतो."

आत आता बोटभरही कापड उरलेलं नाही, हे ते बोलले नाहीत. दुकानात येऊन त्यांनी आपला ठेवणीतला निळा शर्ट ड्रेसशेजारी पसरला. रंग जुळत नव्हता. त्यांनी कात्री उचलली.